व्हिडिओ एडिट करताना पीसी क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

गोव्यात आता जवळपास प्रत्येक वाड्यात व्हिडिओ एडिट करणारं कोणीतरी सापडतंच. जत्रेचं नाटक, भजन, चतुर्थीची माटोळी, लग्न, शिगम्याचा रोमटामेळ, सगळं शूट होतं आणि मग रात्री जेवून झाल्यावर कोणाच्या तरी खोलीत टाइमलाइन उघडते. एडिटिंग यूट्यूबवर बघून येतं हो, पण एक्सपोर्ट ७० टक्क्यांवर असताना पीसी धाडकन बंद पडला तर काय करायचं हे नीट ओळीने कोणी सांगत नाही. मग माणूस ओळखीच्या दुकानात जातो, तिथे पहिलाच सल्ला मिळतो "फॉरमॅट मारूया", फॉरमॅट होतो, प्लगिन, प्रीसेट, सेटिंग सगळं जातं आणि आठ दिवसांनी पीसी परत त्याच जागी बंद पडतो. या सगळ्यातून मी गेलोय आणि नंतर बऱ्याच मित्रांचे पीसीही बघून झालेत, म्हणून हे लिहितोय. जे लिहिलंय ते विंडोजवर प्रीमियर प्रो किंवा डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी आहे, पण केडेनलाइव्ह, शॉटकट वापरणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एक नियम आधीच सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, सेटिंग आणि रॅम एकाच संध्याकाळी बदललात आणि क्रॅश थांबला, तर कशामुळे थांबला ते कधीच कळणार नाही आणि परत सुरू झाला की पहिल्यापासून शोधायला लागणार.

हाताशी काय ठेवायचं

- एक एक्सटर्नल ड्राइव्ह, ज्यावर फुटेज आणि प्रोजेक्ट दोन्ही मावतील
- एक रिकामा पेनड्राइव्ह (रॅम टेस्टसाठी, त्यातलं सगळं पुसलं जातं)
- एचडब्ल्यूइन्फो (तापमान बघायला), क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्क तपासायला), हँडब्रेक (क्लिप बदलून घ्यायला) आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासायला). चारही फुकट मिळतात, फक्त त्यांच्या त्यांच्या अधिकृत साईटवरूनच उतरवा, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको
- स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, हवा मारायचा ब्लोअर
- पीसीचं आणि पार्टचं बिल, शक्य असेल तर बॉक्ससुद्धा (सिरियल नंबर त्यावर असतो)
- वही. खरंच वही घ्या. तारीख, वेळ, काय करत होतात, काय दिसलं, चार ओळी पुरे

## १. सगळ्यात आधी प्रोजेक्ट वाचवा

पीसी परत चालू झाला की लगेच प्रोजेक्ट उघडून एक्सपोर्ट मारायची घाई करू नका. आधी कॉपी.

प्रीमियरमध्ये प्रोजेक्टची फाईल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये ऑटो-सेव्हचं वेगळं फोल्डर असतं, त्यात आधीच्या आवृत्त्या असतात. मूळ फाईल उघडत नसेल तर त्यातली सगळ्यात ताजी फाईल बाहेर कॉपी करून ती उघडा. तीही अडली तर नवीन कोरा प्रोजेक्ट बनवा आणि जुना त्यात इम्पोर्ट करा, खूपदा एवढ्यावर काम भागतं.

रिझॉल्व्हचं वेगळं आहे आणि इथे नवीन लोक हमखास फसतात. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट म्हणजे डेस्कटॉपवर दिसणारी फाईल नसते, तो त्याच्या डेटाबेसमध्ये असतो. म्हणजे तुम्ही फुटेजचं फोल्डर एक्सटर्नलवर टाकलंत आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट केलात तर फुटेज राहिलं पण एडिट गेलं! प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राईट क्लिक करून एक्सपोर्ट करा आणि ती फाईल बाहेर ठेवा. तिथेच प्रोजेक्ट बॅकअप्सचा पर्याय आहे, जुनी आवृत्ती तिथून मिळते. प्रेफरन्सेसमध्ये युझर, मग प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड, तिथे लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप्स दोन्हीवर टिक आहे का बघून घ्या.

## २. क्रॅश कुठल्या प्रकारचा ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि लोक नेमका हाच सोडून देतात. फोन करतात आणि म्हणतात "पीसी क्रॅश होतो", विचारलं की नेमकं काय होतं, तर आठवत नाही. चार प्रकार आहेत.

फक्त सॉफ्टवेअर बंद होतं, डेस्कटॉप दिसतो, बाकी सगळं चालू. इथे संशय फुटेज, इफेक्ट, प्लगिन, फॉन्ट, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा मेमरी कमी पडणं यांच्यावर.

निळा स्क्रीन येतो आणि पीसी रिस्टार्ट होतो (विंडोज ११ च्या २०२५ नंतरच्या अपडेटमध्ये हा स्क्रीन काळा झालाय, घाबरू नका, तोच आहे). इथे ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर, डिस्क.

काहीही न दाखवता पीसी बंदच पडतो किंवा आपोआप रिस्टार्ट होतो. स्क्रीनवर एक अक्षर नाही. इथे आधी लाईट, यूपीएस, पॉवर सप्लाय आणि गरम होणं बघायचं. असा क्रॅश असताना सॉफ्टवेअर परत परत इन्स्टॉल करत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

सगळं गोठतं, माउस हलत नाही, कधी आवाज चालू राहतो आणि स्क्रीन काळा. बहुतेक वेळा ग्राफिक्स किंवा डिस्क.

निळा स्क्रीन इतक्या झटकन जातो की वाचता येत नाही. त्यासाठी ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये जाऊन स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि ऑटोमॅटिकली रिस्टार्टवरची टिक काढा. पुढच्या वेळी स्क्रीन तसाच थांबतो, मोबाईलने फोटो काढा.

## ३. विंडोजने काय नोंदवलंय ते वाचा

स्टार्टमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी येते. तारखांचा तक्ता दिसतो, ज्या दिवशी गडबड झाली तिथे लाल फुली. फुलीवर क्लिक करा, खाली सॉफ्टवेअरचं नाव येतं, त्याचे टेक्निकल डिटेल्स उघडा. तिथे फॉल्ट मॉड्यूल नेम अशी एक ओळ असते. ती बघायची. तिथल्या फाईलचं नाव एन-व्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुतेक एनव्हीडियाचा ड्रायव्हर, ए-एम-डी किंवा ए-टी-आय असेल तर एएमडीचा, आय-जी असेल तर इंटेलच्या ग्राफिक्सचा. एखाद्या प्लगिनचं नाव दिसलं तर उत्तर समोरच आहे, तो प्लगिन काढून बघा.

दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद दिसली की लोकांना वाटतं कारण सापडलं. नाही. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा नंबर) शून्य असेल तर निळा स्क्रीन येण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं, अशावेळी सरळ पायरी ७ आणि ८ वर जा. तिथेच व्हीया-लॉगर (इंग्रजीत डब्ल्यू-एच-ई-ए, विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवायची सोय) नावाच्या नोंदी असतील तर हार्डवेअरची तक्रार आहे असं समजा.

निळ्या स्क्रीनवर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर लिहिलेलं असेल तर ग्राफिक्स. विंडोज ग्राफिक्स कार्डला उत्तर द्यायला साधारण २ सेकंद देतं, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर ड्रायव्हर रिसेट करतं, आणि तो रिसेटही जमला नाही की हा स्क्रीन. मेमरी मॅनेजमेंट असेल तर आधी रॅम तपासा. व्हीया अनकरेक्टेबल एरर असेल तर हार्डवेअर, त्यात प्रोसेसरसुद्धा आला.

प्रोसेसरवरून एक महत्त्वाचं. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरत असाल तर मदरबोर्डच्या साईटवर जाऊन बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन आहे ना ते बघाच. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम, तो बायोसबरोबर येतो) दिला आणि त्यांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यायचा. आणि बायोस अपडेट पावसाळ्यात, यूपीएसशिवाय, वीज चमकत असताना अजिबात करू नका. मधेच लाईट गेली तर मदरबोर्डच हातचा जाईल.

## ४. एकाच जागी अडकतं का बघा

फक्त सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर हे आधी. एक्सपोर्ट दर वेळी ठरावीक टक्क्यांच्या आसपास पडतो का? ४० टक्क्यांवर पडत असेल तर टाइमलाइनच्या साधारण त्याच भागात जाऊन बघा तिथे काय आहे. दिसत नसेल तर इन-आउट (भागाची सुरुवात आणि शेवट) लावून पहिला अर्धा भाग एक्सपोर्ट करा, मग दुसरा. जो पडतो त्याचे परत दोन भाग. थोड्याच वेळात तुम्ही एका क्लिपवर येऊन थांबता.

फोंड्याकडच्या एका मित्राचं असंच झालेलं. जत्रेतलं तीन तासांचं नाटक, दोन कॅमेरे आणि एका अँगलला मोबाईल. एक्सपोर्ट कायम दुसऱ्या अंकात मरायचा. पीसी बदलायचाच असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. अर्धा अर्धा करत आलो तर दोन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज ठणठणीत, अडखळत होती ती मोबाईलची एक लांब क्लिप, आणि आवाजही शेवटी शेवटी ओठांपासून सुटत चाललेला. ती क्लिप बदलून घेतली, त्याच पीसीवर अख्खं नाटक बाहेर आलं.

कारण असं की मोबाईल फ्रेम रेट एकसारखा धरून ठेवत नाही, उजेड कमी झाला, फोन तापला की तो वरखाली होतो, आणि रंगमंचावर उजेड तर सारखाच बदलतो. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही तेच. उपाय सोपा, हँडब्रेकमध्ये क्लिप टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट तुमच्या टाइमलाइनचा निवडा (२५ असेल तर २५), खाली कॉन्स्टंट फ्रेमरेटवर टिक करा, आणि बदललेली क्लिप टाइमलाइनवर घ्या. मोबाईलचं फुटेज एडिटिंगला घेण्याआधीच ही सवय लावली तर फारच उत्तम.

ड्रोन आणि ॲक्शन कॅमेऱ्याचं फुटेज बऱ्याचदा एच.२६५ मध्ये असतं, फाईल लहान पण उलगडायला जड. पीसी जुना असेल तर प्रॉक्सी (त्याच क्लिपची हलकी कॉपी) बनवून एडिट करा, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे.

क्लिप ठीक असेल तर इफेक्ट बघा. नॉइज रिडक्शन, स्टॅबिलायझर, स्लो मोशनचा ऑप्टिकल फ्लो हे सगळ्यात जड. ते लावलेली क्लिप आधीच रेंडर करून घ्या, प्रीमियरमध्ये रेंडर अँड रिप्लेस, रिझॉल्व्हमध्ये रेंडर इन प्लेस.

आणि फॉन्ट! मराठी टायटल करणाऱ्यांनी हे नक्की बघा. कुठून कुठून जमवलेले फॉन्ट पीसीत भरलेले असतात, त्यातला एखादा बिघडलेला असला तर टेक्स्टवर क्लिक केल्या केल्या प्रीमियर बंद पडू शकतं. अलीकडे टाकलेले फॉन्ट काढून बघा. जोडाक्षरं तुटून दिसत असतील तर तो क्रॅशचा विषय नाही, प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा आणि टायटल नवीन करा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, काढून टाका. ते कशामुळे पडतंय ते कोणालाच सांगता येणार नाही आणि त्याबरोबर व्हायरस येतो तो वेगळा. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लग्न आणि नाटक दोन्हीला भरपूर आहे.

## ५. जागा, कॅशे, मेमरी

सी ड्राइव्ह लाल झालाय का? एडिटिंग सॉफ्टवेअर कॅशे (कामापुरत्या बनवलेल्या तात्पुरत्या फाईली) तिथेच साठवत बसतं. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे, तिथून डिलीट. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत डिलीट रेंडर कॅशे. मूळ फुटेजला काही होत नाही, कॅशे परत बनते. जमलं तर कॅशे दुसऱ्या एसएसडीवर हलवा.

पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करून ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका, विंडोजला ठरवू द्या. एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, मेमरी ९५ टक्क्यांच्या वर जाऊन सॉफ्टवेअर पडत असेल तर क्रोमचे टॅब बंद करा, आणि पुढे कधीतरी रॅम वाढवा.

## ६. ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर

एनव्हीडिया असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका, इन्स्टॉल करताना क्लीन इन्स्टॉलेशन निवडा. क्रॅश नेमका ड्रायव्हर अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागचा ड्रायव्हर परत टाका, नवीन म्हणजे चांगलाच असं काही नसतं.

ग्राफिक्सवर संशय असेल तर त्याला बाजूला करून बघायची युक्ती: प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरलमध्ये रेंडरर सॉफ्टवेअर ओन्ली करा आणि एक्सपोर्ट मारा. फार वेळ लागेल, पण न पडता पूर्ण झाला तर गुन्हेगार ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. रिझॉल्व्ह जीपीयू मेमरी फुल असं सांगत असेल तर टाइमलाइन ४के वरून १०८० वर आणा.

लॅपटॉपवाल्यांनो, चार्जर लावूनच एक्सपोर्ट करा आणि विंडोजच्या डिस्प्ले, ग्राफिक्स सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स द्या.

## ७. गरम होतंय का

एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर मोडमध्ये चालू करा आणि एक्सपोर्ट लावा. प्रोसेसरचं तापमान ९५ ते १०० ला जाऊन चिकटत असेल तर तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही आवरलं नाही तर पीसी बंद होतो.

आपल्याकडे याला खास कारण आहे. दमट हवा, त्यात धूळ, आणि डिचोली-साखळीच्या बाजूला असाल तर लाल माती. ही धूळ कोरडी राहत नाही, कूलरच्या पात्यांमध्ये जाऊन ओलसर होते आणि नमद्यासारखा थर बनतो, वरून फॅन स्वच्छ दिसतो पण हवा आरपार जातच नाही. फॅन काढून पाठीमागचा जाळीदार भाग बघितल्याशिवाय साफ आहे म्हणू नका.

साफ करताना पीसी बंद, वायर काढलेली, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून खराब होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिकची भीती असते. कूलर काढलात तर नवीन थर्मल पेस्ट लागते, ती आधी आणून ठेवा. कॅबिनेट जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलं असेल तर उचलून स्टुलावर ठेवा, पावसाळ्यात भिंतीची ओल थेट आत जाते.

## ८. लाईट, यूपीएस, इन्व्हर्टर

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात एडिट करणाऱ्याने ही पायरी सगळ्यात आधी केली तरी चालेल. लाईट पूर्ण जात नाही, नुसती डोळा मिचकावल्यासारखी झपकते, ट्यूबलाइटला कळत नाही पण पीसी बसतो. आणि मग आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. नुसतं टायपिंग करताना तो आरामात टिकतो. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी एक्सपोर्टला लावला की भार त्याच्या वर जाऊ शकतो, मग लाईट गेली की यूपीएससकट सगळं बंद. त्यामुळे "यूपीएस आहे ना माझ्याकडे" एवढ्यावर थांबू नका. यूपीएसवर किती वॅट लिहिलंय ते वाचा, त्यात मॉनिटरही धरा. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तिच्यावर भरवसा नको, उकाड्यात ती लवकर मरते.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदली व्हायला जास्त वेळ लागतो, पंख्याला फरक पडत नाही, पीसीला पडतो.

जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, एडिटिंग नंतर. एक्सटर्नल ड्राइव्हसुद्धा इथेच आला. एक्सफॅट आणि एनटीएफएस हे ड्राइव्ह फॉरमॅट करायचे दोन प्रकार, एक्सफॅटमधला ड्राइव्ह लिहिता लिहिता वीज गेली तर त्यातला डेटा बिघडण्याची शक्यता जास्त, फक्त विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस ठेवा.

वीज नीट आहे, तापमान नीट आहे आणि तरी भार आला की पीसी बंद, तर पॉवर सप्लाय. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायच) एका दिवसासाठी मागून लावून बघा, यापेक्षा खात्रीची दुसरी टेस्ट नाही.

## ९. रॅम आणि डिस्क

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ बनवा, त्यावरून पीसी चालू करा आणि रात्रभर सोडा. एकही एरर चालत नाही. एरर आली तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून परत टेस्ट करा, मग एकेक स्टिक लावून.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रॅम काढून तिचे सोनेरी दात जरूर बघावेत. मोरजीच्या एका मित्राच्या रॅमवर मळकट हिरवा थर धरला होता, खारी हवा आणि खिडकी कायम उघडी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसलं, सुकू दिलं, स्लॉटमध्ये हवा मारली आणि खट्ट आवाज येईपर्यंत बसवली. निळे स्क्रीन थांबले.

आणखी एक, एसीच्या गाडीतून थंडगार लॅपटॉप काढून थेट देवळाच्या आवारात दमट हवेत उघडू नका. थंड वस्तूवर पाणी धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. निळं गुड दिसलं तर ठीक, पिवळं कॉशन दिसलं तर त्या क्षणी बाकी सगळं सोडून डेटा बाहेर काढा. फक्त सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदींचा) आकडा वाढत असेल तर बहुतेक साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब, ती बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

## १०. दुकानात न्यायची वेळ आली तर

वहीतल्या नोंदी, निळ्या स्क्रीनचे फोटो आणि इव्हेंट व्ह्यूअरचे स्क्रीनशॉट बरोबर न्या. "आपोआप बंद होतो" म्हणण्यापेक्षा "एक्सपोर्ट सुरू केल्यावर दहा मिनिटांत बंद होतो, स्क्रीनवर काही येत नाही, तापमान ७० च आहे, बगचेक शून्य आहे" असं सांगितलंत की समोरचा माणूसही वेगळ्या नजरेने बघतो. तिथे पीसी चालू करून डेस्कटॉप दाखवून परत देतील तर घेऊ नका, त्यांच्यासमोर एक्सपोर्ट लावायला सांगा, त्यासाठी छोटा टेस्ट प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन जा.

जॉबशीटवर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असं लिहून घ्या आणि कुठले पार्ट आत आहेत त्यांचे सिरियल नंबरही. गिऱ्हाइकांच्या लग्नाचं फुटेज असलेला ड्राइव्ह शक्यतो काढून घरी ठेवा. पार्ट वॉरंटीत असेल तर तो गोव्यातच बदलून मिळणार की बाहेर पाठवणार आणि किती दिवस लागणार हे पीसी सोडायच्या आधी विचारा, चतुर्थी तोंडावर असेल तर तेवढ्या दिवसांसाठी दुसऱ्या मशीनची सोय बघून ठेवा आणि रिझॉल्व्हवाल्यांनी त्या मशीनवर तीच आवृत्ती टाका, कारण नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट नंतर जुन्यात उघडत नाही.